गॅस आधी अक्कलकोट रोडला न्या

प्रति,
मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती



नैसर्गिक वायूचा विषय निघाला की आपल्याकडे साधारण दोनच आकडे विचारले जातात. सीएनजीचे पंप किती झाले आणि घरगुती जोडण्या किती दिल्या? आकडे महत्त्वाचेच आहेत. रिक्षावाल्याचे इंधन स्वस्त पडले, सात रस्त्याकडच्या एखाद्या सोसायटीत सिलिंडरची वाट बघणे थांबले, तर कोणाला नको आहे? पण या दोन आकड्यांवरून सोलापूरच्या पोटापाण्याचे काही कळत नाही. या शहराचा धंदा जिथे खरोखर इंधन जाळतो ती जागा पंपावर नाही आणि स्वयंपाकघरातही नाही. ती सूत रंगवणाऱ्या डाय हाऊसच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथे बॉयलर असतो. या पत्रात माझे मागणे एवढेच आहे की गॅसची वाहिनी आधी त्या बॉयलरपर्यंत न्यावी.

बाहेरच्या माणसाला वाटते की चादर मागावर तयार होते. माग तर विजेवर चालतो, त्याला गॅसचे काय? पण सोलापुरी जकार्ड चादरीचे सूत आधी रंगते आणि मग विणले जाते. सूत उकळायचे, ब्लीच करायचे, रंगवायचे, धुवायचे, वाळवायचे, आणि या प्रत्येक पायरीला उष्णता लागते. ताण्याला खळ लावणाऱ्या सायझिंगलाही वाफ लागतेच. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्ही मालांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, त्याचे फलक आपण अभिमानाने लावतो. त्या नावामागे जी वाफ आहे ती लाकडावर, कोळशावर, ब्रिकेटवर तयार होते, आणि पावसाळ्यात लाकूड ओले असले की वाफेचा दाब पडतो, दाब पडला की रंगाची छटा हलते. एका लॉटचा लाल दुसऱ्या लॉटच्या लालाशी जुळत नाही म्हणून माल परत आल्याची गोष्ट शहराच्या पूर्व भागातला कोणताही रंगाईवाला सांगेल. तो हे तेलुगूत सांगेल, पण समजेल.

धुराचे या शहराला कधीच वावडे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात जुनी मिल उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या आणि भोंग्यावर उठणारे-जेवणारे गाव तयार झाले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण सूत बंद पडले नाही. ते साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ अशा वस्त्यांतल्या घरांत आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिरले. मोठी चिमणी गेली आणि तिच्या जागी पुष्कळ लहान धुराडी आली. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेच्या आड येते म्हणून पाडली, तेव्हा त्या एका चिमणीवर गावात किती वाद झाले ते आपण पाहिलेच असेल. अक्कलकोट रोडच्या लहान धुराड्यांबद्दल त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही बोलले गेले नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९ पासून सोलापूरचे नाव आहे, ते काही शोभेसाठी नाही.

आता रंगाईवाल्याची बाजू. त्याला गॅसचे कौतुक सांगून उपयोग नाही, तो हिशेब मागेल. एक टन वाफ करायला साधारण ७० ते ८० घनमीटर गॅस लागतो. तीच वाफ बऱ्या कोळशावर दोनशे किलोच्या आसपास आणि सुक्या लाकडावर पावणेतीनशे-तीनशे किलोत निघते. नुसत्या इंधनाच्या बिलात लाकूड जवळजवळ नेहमीच जिंकते. गॅसच्या बाजूने जे आहे ते बिलाबाहेरचे आहे. राख उचलावी लागत नाही. इंधन साठवायला अर्धा प्लॉट अडत नाही. बॉयलर सकाळी लवकर वाफ धरतो आणि काम संपले की लगेच बंद करता येतो. दाब स्थिर राहिला की छटा स्थिर राहते. आणि परदेशी खरेदीदार हल्ली टॉवेलच्या नमुन्याबरोबर इंधन कोणते वापरता हेही विचारतात. हे सगळे खरे असले तरी दोन पैशांच्या मार्जिनवर चालणाऱ्या माणसाला ते महिनाअखेरच्या बिलापुढे लहान वाटते. म्हणून गॅस आला की उद्योग आपोआप वळतील, ही समजूत आपण करून घेऊ नये. साखर कारखान्याने बगॅस जाळावे, त्यात गैर काही नाही. मोठ्या बॉयलरला ब्रिकेट परवडत असेल तर परवडू द्या. माझे म्हणणे मध्यम आणि लहान डाय हाऊसपुरते आहे.

आपला जुना प्रतिस्पर्धी पानिपत. तिथल्या मिंक ब्लँकेटने आमच्या चादरीची थंडीची बाजारपेठ खाल्ली, आणि 'सोलापुरी' म्हणून तिकडची चादर विकली जाते तो राग वेगळाच. पण इंधनाच्या बाबतीत पानिपतचे जे झाले ते बघण्यासारखे आहे. पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येते. दिल्लीच्या हवेसाठी नेमलेल्या आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या उद्योगांना कोळसा बंद केला आणि पाइपचा गॅस किंवा जैवइंधन एवढेच पर्याय ठेवले. गॅस महाग म्हणून तिथले डायिंगवाले ओरडले, काहींनी बॉयलर बदलले. तयारीला वेळ न देता वरून आलेल्या हुकमाने हे झाले. सोलापूरवर अजून असा हुकूम आलेला नाही. तो येण्याआधीची जी काही वर्षे हाती आहेत, ती वापरायची की पानिपतसारखी धावपळ करायची, हा निर्णय आजच घेता येतो.

मोरबीचीही गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. २०१९ मध्ये हरित लवादाने कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले, टाइल्सचे कारखाने नैसर्गिक वायूवर आले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे आयात वायूचे दर भडकले, तसे त्यातले बरेच प्रोपेनकडे पळाले. घरगुती गॅस आणि सीएनजी यांना देशातल्या स्वस्त वायूत अग्रक्रम आहे. उद्योगाला जो मिळतो तो बहुतेक करून जहाजातून आलेला द्रवरूप वायू असतो आणि त्याचा भाव जगात कुठे काय पेटले आहे त्यावर ठरतो. म्हणजे सोलापूरच्या रंगाईवाल्याला आपण एका इंधनाच्या तोंडी बांधून टाकू नये. गॅसचा बर्नर बसवताना जुना बॉयलर भंगारात काढण्याची सक्ती नको, दुहेरी इंधनाची मुभा हवी. आणि हो, सोलापूरच्या उन्हाचा कोणी भाव लावलेला नाही. बॉयलरमध्ये जाणारे पाणी सौर तापकाने आधी गरम केले तर गॅसच काय, लाकूडही कमी लागेल. एप्रिलमध्ये तर आमच्या टाकीतले पाणी कोणत्याही तापकाशिवायच हात पोळवते.

आता वाहिनी अक्कलकोट रोडला आपोआप का जाणार नाही ते सांगतो. शहरी गॅस वितरणाचे परवाने दिल्लीचे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ देते. परवान्यासोबत कंपनीला किमान कामाचे लक्ष्य असते: इतक्या घरगुती जोडण्या, इतके 'इंच-किलोमीटर' पोलादी वाहिनी, अलीकडच्या परवान्यांत इतके सीएनजी पंप. लक्ष्य चुकले तर दंड. या यादीत औद्योगिक जोडण्यांचा रकाना नाही. कंपनी काही वाईट हेतूने वागत नाही. ज्याची परीक्षा तेच ती वाचते. पंप उघडला की पहिल्या दिवसापासून गल्ल्यात पैसे, रंगाईवाल्याशी मात्र वर्षभर चर्चा करून करार होतो. नाही झाला तर खोदलेली वाहिनी मोकळी पडते. जिल्ह्याचा एकाधिकार काही वर्षे त्याच कंपनीकडे असल्याने दुसरा कोणी येऊन अक्कलकोट रोडला जोडणी देईल अशीही शक्यता नाही. मंडळाने २०२३ मध्ये वाहतुकीचा एकसमान दर आणला, त्याने सोलापूरसारख्या आतल्या शहराला दूर असल्याची शिक्षा थोडी कमी झाली. नंतरच्या सुधारणेत घरगुती गॅस आणि सीएनजीला सगळीकडे सर्वांत जवळचा, म्हणजे स्वस्त दर मिळाला. उद्योग पुन्हा बाहेरच.

नियम दिल्लीत बदलायचा तर वेळ लागेल, पण मागणी एकत्र बांधणे आपल्या हातात आहे. शंभर लहान बॉयलरवाले वेगवेगळे बोलले तर कंपनीला ते शंभर धोके वाटतात. एमआयडीसी आणि यंत्रमागधारकांच्या संघटनांनी मिळून, जिल्हाधिकाऱ्यांसमोर बसून, ठरावीक वर्षांसाठी किमान इतका गॅस आम्ही घेऊ असे एक पत्र दिले तर तेच कंपनीच्या नजरेत मोठे गिऱ्हाईक होते. चिंचोळी एमआयडीसीत रसायने आणि वाहनांच्या भागांचे कारखाने आहेत, त्यांचीही उष्णतेची गरज त्याच पत्रात घालता येईल. हे काम कोणत्या कंपनीचे नाही, मंत्र्याचे आहे.

कराचाही गुंता आहे आणि तो बराचसा मुंबईत सुटतो. नैसर्गिक वायू जीएसटीत नाही. कोळशावर किंवा ब्रिकेटवर भरलेला जीएसटी रंगाईवाल्याला पुढच्या करातून वजा करता येतो. गॅसवर भरलेला मूल्यवर्धित कर त्याला तसा वजा करता येत नाही, तो सरळ खर्चात जातो. २०२२ च्या अर्थसंकल्पात राज्याने या करात मोठी कपात केली, १३.५ वरून ३ टक्के, आणि सीएनजी लगेच स्वस्त झाला. रिक्षावाल्याला दिलासा देणाऱ्या सरकारला रंगाईवाल्याचा न वळता होणारा कर परत देण्याची योजना काढता येणार नाही असे मला वाटत नाही. यंत्रमागाला वीजदरात सवलत देतोच ना आपण?

वाहिनी येणार कुठून, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. दाभोळहून बंगळुरूला जाणारी गेलची वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली आणि कोल्हापूर-बेळगावच्या अंगाने दक्षिणेला गेली. काकीनाड्याच्या किनाऱ्यावरून भडोचला जाणारी पूर्व-पश्चिम वाहिनी २००९ पासून हैदराबादच्या बाजूने महाराष्ट्रात येते आणि ठाणे जिल्ह्यातल्या म्हस्कळमार्गे गुजरातेत जाते. मुंबई-नागपूर वाहिनी तर समृद्धी महामार्गाच्या कडेनेच टाकली गेली, भूसंपादनाचा निम्मा ताप वाचला. इथे आपल्याला एक संधी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने नाशिक-सोलापूर-अक्कलकोट या ३७४ किलोमीटरच्या सहापदरी मार्गाला मंजुरी दिली. तो मार्ग आखतानाच कडेला वाहिनीची पट्टी ठेवली तर पुढे बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत शेतकऱ्याकडे दुसऱ्यांदा जमीन मागायला जावे लागणार नाही. आधी मागणे सोपे, नंतर मागणे म्हणजे कोर्ट. उजनीच्या समांतर जलवाहिनीची किती वर्षे वाट पाहिली ते सोलापूरकरांना कोणी आठवण करून द्यायची गरज नाही. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याच्या घागरी भरताना त्याचीच चर्चा असते.

शहरातल्या रस्त्यांचे तेच. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपले नाव आले, रस्ते नवे झाले. आता त्याच रस्त्यांवर गॅसवाले, केबलवाले, पाणीवाले पाळीपाळीने चर खोदतील. महापालिकेने एकदाच खोदा हा नियम कागदावर नव्हे, परवानगीच्या अटीत घालावा. एवढे पुरे, यावर अधिक लिहिणे म्हणजे सोलापूरकराला धूळ म्हणजे काय ते समजावणे.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त आशा ज्या गोष्टीची वाटते ती दाभोळहून येणार नाही, ती आपल्याच जिल्ह्यातून येईल. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, तीसच्या वर. अकलूज, श्रीपूर, पिंपळनेर, गुरसाळे, टाकळी सिकंदर, कुमठे, ही नावे आपल्याला भाषणात पाठ आहेत. प्रत्येक टन उसामागे रस गाळून उरलेला गाळ, म्हणजे प्रेसमड, तीस-चाळीस किलो निघते. पाच हजार टनांचा कारखाना धरा. रोज दीडशे ते दोनशे टन प्रेसमड. साधारण पंचवीस टनांतून एक टन शुद्ध केलेला, दाबलेला जैववायू निघतो, म्हणजे एका कारखान्यातून दिवसाला सहा ते आठ टन. त्याची उष्णता नैसर्गिक वायूच्या तोडीची असते. मघाचा वाफेचा हिशेब लावला तर एका कारखान्याच्या प्रेसमडवर दिवसाला दहा-पंधरा टन वाफ लागणारी आठ-दहा डाय हाऊस चालू शकतात. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात काही गळती धरा. तरी तीस कारखान्यांपैकी चार-पाचांनी मनावर घेतले तर पूर्व भागाचे चित्र बदलते.

केंद्राची 'सतत' योजना १ ऑक्टोबर २०१८ ला आली ती याच वायूसाठी. आता सीएनजी आणि घरगुती गॅसमध्ये जैववायू मिसळणे कंपन्यांवर बंधनकारक होत चालले आहे: २०२५-२६ मध्ये १ टक्का, मग ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. म्हणजे गॅस कंपनीला जैववायू हवाच आहे, आणि तो कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातून आणण्यापेक्षा मोहोळ किंवा माढ्यातून आणणे तिला परवडेल. अडचणी आहेत. गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा, आणि प्रेसमड साठवून ठेवले की त्यातला वायू आधीच हवेत जातो. ते झाकून, दाबून ठेवण्याची सोय लागते, वर्षभराच्या चाऱ्यासाठी आपण मूरघास करतो तसे काहीसे. दुसरी अडचण शेतकऱ्याची. प्रेसमड त्याला खत म्हणून हवे असते, आणि वायूच्या नावाखाली त्याचे खत पळवले असे त्याला वाटले तर योजना तिथेच संपली. वायू काढून उरलेला गाळ खतच असतो. तो सभासदाला ठरलेल्या भावाने परत देण्याची अट प्रकल्पाच्या मंजुरीतच घालावी. कारखान्यांच्या सर्वसाधारण सभांमध्ये आपल्या शब्दाला वजन आहे, ते इथे वापरावे.

घरगुती जोडण्यांना माझा विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. उलट ज्या एका ठिकाणी त्या सर्वांत आधी जायला हव्यात ते ठिकाण मला स्पष्ट दिसते. कुंभारीच्या रे नगरात विडी कामगार, यंत्रमाग कामगार, अशा ३० हजार कुटुंबांसाठी घरे आहेत. १९ जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. इतकी घरे एका जागी म्हणजे वितरणाच्या खर्चाच्या दृष्टीने स्वप्नच. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. भरलेल्या सिलिंडरचे पैसे तिला एका रकमेत काढायचे असतात, आणि नसले की चूल पेटते. मीटरचा गॅस वापरून झाल्यावर बिल येते, ते थोडे थोडे असते. मात्र जोडणीची अनामत तिच्या अंगावर टाकू नका, ती नियोजन समितीतून भरता येईल.

सुरक्षेबद्दल लोकांच्या मनात भीती आहे आणि ती दूर करण्याआधी तिचा आदर करावा. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. गॅसचा तिथे संबंध नव्हता. पण कारखान्यातच राहणारी माणसे, सुताचे ढीग आणि अग्निशमन दलाची अडलेली वाट हे सगळे तिथे होते. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर जाऊन पसरतो, म्हणून तो तुलनेने सुरक्षित आहे. पण ज्या शेडला वाऱ्याची वाट नाही तिथे तो वरच्या पत्र्याखालीच साठेल. म्हणून जोडणी देण्याआधी प्रत्येक कारखान्याची हवा खेळण्याची सोय तपासावी आणि अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या आतच, पुरेशा माणसांचे अग्निशमन केंद्र असावे. या दोन गोष्टी गॅस आला नाही तरी करायच्याच आहेत.

रंगाईवाल्याकडे धुरासाठी बोट दाखवण्याआधी एक लक्षात ठेवावे. जिल्ह्यातच १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प रोज कोळसा जाळतो, आणि हे रंगाईवाल्याला ठाऊक आहे. त्याला उपदेश चालणार नाही, भाव चालेल.

साहेब, पुढच्या नियोजन समितीच्या बैठकीत गॅसचा विषय घ्याल तेव्हा पंपांची यादी बाजूला ठेवून अक्कलकोट रोडच्या बॉयलरांची यादी मागवा. बॉयलर निरीक्षकांच्या कार्यालयात नोंदलेल्या बॉयलरांची ती तयार असायला हवी. कोणता किती टनाचा, काय जाळतो, दिवसाला किती तास. त्या बैठकीला गॅस कंपनीचे अधिकारी, दोन-तीन साखर कारखान्यांचे अध्यक्ष आणि पाच-सहा रंगाईवाले एकाच टेबलावर बसवा. रंगाईवाल्यांना सकाळी बोलावू नका, त्या वेळी त्यांच्या बॉयलरला वाफ धरलेली असते. दुपारनंतर बोलवा.

आपला,
सूत आणि रंगाच्या धंद्यात आयुष्य गेलेला
एक सोलापूरकर